शासकीय की शासनमान्य? : जर्मन विद्यापीठांविषयीच्या मराठी मार्गदर्शनपर लेखनाची चिकित्सा

परदेशी शिक्षणाविषयीचे मार्गदर्शनपर लेखन हा मराठीत आता एक स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्या, दहावी-बारावीच्या निकालानंतर निघणारे विशेषांक, 'मी जर्मनीत कसा पोहोचलो' छापाची अनुभवकथने, व्याख्यानांच्या पुस्तिका, असा त्याचा पसारा आहे. कादंबरीपेक्षा अधिक घरांत तो वाचला जातो. कादंबरी वाचून सहसा कुणी जमीन गहाण ठेवत नाही. हे लेखन वाचून ठेवतात. तरीही त्याच्याकडे लेखन म्हणून, म्हणजे त्याचे शब्द, त्याची गृहीतके आणि त्याने गाळलेल्या जागा यांच्याकडे, समीक्षेने फारसे पाहिलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखात हे काम एका मर्यादित क्षेत्रापुरते करायचे आहे: जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांची निवड आणि तिथला अर्ज.

जर्मनीच का, याला कारणे आहेत. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले ते २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात, आणि पुढच्याच हिवाळ्यात भारतीयांची संख्या ४९ हजारांच्या घरात गेली. शिवाय महाराष्ट्राचा, विशेषतः पुण्याचा, जर्मनशी संबंध जुना आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना गॉटिंगेनने सन्माननीय डॉक्टरेट दिली ती एकोणिसाव्या शतकात, डॉ. आंबेडकरांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन यांनी पुण्याच्या कित्येक पिढ्यांना 'डेर-डी-डास' घोकायला लावले. इतका संबंध असलेल्या समाजातले या विषयावरचे लेखन अधिक जाणते असायला हवे होते.

या लेखनाचा मध्यवर्ती शब्द आहे 'मोफत', बोलीत 'फुकट'. 'जर्मनीत शिक्षण मोफत आहे' हे वाक्य भूगोलातल्या विधानासारखे लिहिले जाते, जणू ऱ्हाइन नदी उत्तरेला वाहते तसे शिक्षण मोफत असते. वस्तुस्थिती अशी की जर्मनीत उच्च शिक्षण हा केंद्राचा नव्हे, १६ घटकराज्यांचा विषय आहे, आणि शुल्क नसणे हा त्या त्या राज्याचा, त्या त्या वेळचा राजकीय निर्णय आहे. जानेवारी २००५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने शुल्कबंदी करणारा केंद्रीय कायदा रद्द ठरवला. त्यानंतर बव्हेरियासह अनेक राज्यांनी प्रत्येक सत्राला ५०० युरोपर्यंत शुल्क लावले. विद्यार्थी रस्त्यावर आले, हा निवडणुकीचा मुद्दा झाला, सरकारे बदलली. हेसेने वर्षभरातच माघार घेतली. बव्हेरियात नागरिकांनी सह्यांची मोहीम यशस्वी केल्यावर २०१३ मध्ये शुल्क गेले. लोअर सॅक्सनीने सर्वांत शेवटी, २०१४-१५ च्या हिवाळी सत्रापासून ते काढले.

म्हणजे आपल्या पुरवण्यांना जो जर्मनीचा सनातन स्वभाव वाटतो, तो सार्वत्रिक अर्थाने जेमतेम तीन वर्षे टिकला. २०१७-१८ च्या हिवाळ्यापासून बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो शुल्क लावले. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ही आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी असलेली नावे याच राज्यातली. त्या १५०० पैकी ३०० युरो विद्यापीठाकडे राहायचे, उरलेले राज्याच्या तिजोरीत जायचे. तेव्हा हे शुल्क शिक्षणाच्या दर्जासाठी होते की अंदाजपत्रकातले भगदाड बुजवण्यासाठी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे बव्हेरियाच्या नव्या कायद्याने विद्यापीठांना असे शुल्क लावण्याची मुभा दिली, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळ्यापासून ते लावले: पदवीसाठी सत्राला दोन ते तीन हजार युरो, पदव्युत्तरसाठी चार ते सहा हजार. सहा हजार युरो चार सत्रांना भरायचे तर नुसते शुल्कच चोवीस हजार युरो होते. त्याला कुठल्याही हिशेबाने फुकट म्हणता येणार नाही.

या इतिहासातली खरी महत्त्वाची गोष्ट आकड्यांत नाही. जर्मन विद्यार्थ्यांचे शुल्क गेले, कारण त्यांना आणि त्यांच्या पालकांना मत होते. शुल्क परत आले तेव्हा ते मत नसलेल्यांवर आले. परदेशी विद्यार्थी करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत शिकतो, पण तिच्या धोरणावर बोलायची त्याला जागा नसते. अशा पाहुण्याने यजमानाच्या घरातले वारे कुठे वाहतात यावर नजर ठेवली पाहिजे. अर्ज करताना राज्य कोणते, तिथे या विषयावर काय चालले आहे, हे पाहिले पाहिजे. विद्यापीठांच्या याद्या छापणारे आपले लेख राज्याचे नावही देत नाहीत.

शुल्क नसले तरी लागणारे पैसे वेगळेच. सत्रवर्गणी असते, ती शंभरापासून तीन-चारशे युरोपर्यंत. आरोग्यविमा असतो. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे, त्याचे १८ हजार रुपये. आणि ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवावे लागतात; तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने ते आपल्याला परत मिळतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे बारा लाखांच्या जवळ जाते. हे शुल्क नव्हे, आपलेच पैसे आहेत, हे लेखक बरोबर सांगतात. मात्र ज्या घरात बारा लाख एकरकमी कधी दिसलेलेच नाहीत, त्या घराच्या दृष्टीने 'परत मिळतात' याला फार अर्थ नसतो. निवड तिथेच होऊन जाते, विद्यापीठाने अर्ज उघडण्याच्या आधी.

आता ज्या शब्दावरून या लेखाचे शीर्षक घेतले आहे त्याकडे येऊ. जर्मनीत विद्यापीठ 'श्टाटलिश' असते किंवा 'श्टाटलिश आनेरकाण्ट' असते. पहिले राज्याचे, दुसरे राज्याने मान्यता दिलेले खासगी. मराठी लेखांत आणि त्याहून अधिक मार्गदर्शन केंद्रांच्या जाहिरातींत दोन्हींचे भाषांतर 'सरकारमान्य' असे एकच होते आणि मधला फरक वाहून जातो. गंमत अशी की हा फरक समजायला मराठी माणसाइतका तयार वाचक दुसरा नसेल. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. तेव्हापासून 'शासकीय' आणि 'शासनमान्य' या दोन शब्दांमध्ये किती लाखांचे अंतर असते, हे आपल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घराला पाठ आहे. पुण्याच्या सीओईपीत नंबर लागला आणि कुठल्याशा शासनमान्य संस्थेत लागला, यांतला फरक सांगायला आपल्याला तज्ज्ञ लागत नाही. तीच कसोटी विमानाने सात-आठ तास पुढे गेली की आपण का विसरतो?

उत्तर बरेचसे व्यवहारात आहे. जर्मन सार्वजनिक विद्यापीठे विद्यार्थी आणून देणाऱ्याला सहसा दलाली देत नाहीत. खासगी संस्था देतात. त्यामुळे 'विनामूल्य समुपदेशन' करणाऱ्या केंद्राचा कल कुणीकडे असेल हे उघड आहे. इंग्रजी माध्यम, एपीएस वगळता फारशी कागदपत्रे नाहीत, वर्षातून अनेकदा प्रवेश, महिन्याभरात पत्र हातात, अशी सोय दिसली की समजावे, आपण राज्याच्या दारात नाही. खासगी संस्था वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. काही चांगल्या आहेत. म्हणणे इतकेच की वर्षाला दहा-बारा हजार युरो मोजणाऱ्या मुलाला आपण 'जर्मनीतल्या मोफत शिक्षणाला' चाललो आहोत असे वाटू नये. जर्मन कुलगुरूंच्या परिषदेची 'होखशूलकोम्पास' नावाची सूची सर्वांना खुली आहे. तीत प्रत्येक संस्थेपुढे ती राज्याची की खासगी हे लिहिलेले असते. पाच मिनिटांचे काम. ज्या पुरवणीत अर्धे पान अशा संस्थांच्या जाहिरातीचे असते, त्या पुरवणीतला लेख हे पाच मिनिटांचे काम सुचवत नाही, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

निवडीचा दुसरा आधार म्हणून हे लेखन क्रमवारी पुढे करते. इथे आपली प्रवेशाची संस्कृती बोलते. आपल्याकडे यादी लागते, कट-ऑफ लागतो, वरून खाली नावे उतरत जातात. म्हणून जगातल्या विद्यापीठांचीही अशीच एक उतरंड असणार असे आपण धरून चालतो. जर्मन व्यवस्थेवर ही पट्टी नीट बसत नाही. तिथले पुष्कळसे मूलभूत संशोधन माक्स प्लांक संस्थांसारख्या विद्यापीठाबाहेरच्या संस्थांत होते आणि ते विद्यापीठाच्या खात्यावर पुरते जमा होत नाही. उद्योगांशी घट्ट बांधलेली उपयोजित विद्याशाखांची 'फाखहोखशूल' विद्यापीठे तर जागतिक क्रमवारीत जवळजवळ दिसतच नाहीत. वाहन उद्योगात काम करू इच्छिणाऱ्या चाकणच्या एखाद्या डिप्लोमा-पदवीवाल्या मुलाला कदाचित नेमके तेच हवे असते.

मात्र क्रमवारीच्या नादाला विद्यार्थीच लागतात असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळते, ती विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असेल तरच. ज्याच्यापाशी बारा लाख नाहीत त्याला शासन मदत करते, पण त्याच वेळी त्याची निवड एका खासगी कंपनीच्या यादीला बांधून टाकते. सर्वांत कमी शुल्काचा, रोजगाराशी सर्वांत जवळचा पर्याय त्याच्यापुरता आपोआप बाद होतो. या अटीवर आपल्याकडे चर्चा झाली ती क्रमांक किती असावा यावर. क्रमवारीच का, यावर फार कमी.

मग निवडायचे कशावरून? इथे जुनी उदाहरणे उपयोगी पडतात. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजमध्ये गणित शिकून बर्लिनला गेले ते हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे. ल्यूडर्स म्हणजे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा छापील नमुना १९०८ मध्ये सिद्ध करणारे पंडित. पुढे भांडारकर संस्थेत १९२५ पासून सुकथनकरांनी त्या आवृत्तीचे प्रमुख संपादक म्हणून जे उभे केले, त्याची पद्धत बर्लिनमधल्या त्या शिक्षणात आहे. इरावती कर्वे १९२८ मध्ये, महर्षी कर्व्यांना पसंत नसताना, जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशवादी मानववंशशास्त्राचे मोठे नाव. इरावतीबाईंनी कवट्यांची मापे घेतली आणि त्या मापांतून फिशर यांच्या वंशश्रेष्ठत्वाच्या गृहीतकाला आधार मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. माणूस पाहून गेले म्हणजे त्याच्याशी जमेलच असे नाही. पण या दोघांच्या निवडीत 'काय शिकायचे आणि कोणापाशी' हा प्रश्न होता. 'कितव्या क्रमांकाचे' हा नव्हता.

आजच्या सामान्य विद्यार्थ्यासाठी या प्रश्नाचे रूप साधे आहे. प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठ प्रत्येक अभ्यासक्रमाचे दोन दस्तऐवज प्रसिद्ध करते. एक परीक्षा-नियमावली, दुसरे मॉड्यूल हँडबुक. पहिल्यात प्रवेशाच्या अटी कायद्याच्या भाषेत असतात, किंवा त्या ज्या स्वतंत्र प्रवेश-नियमावलीत आहेत तिचा उल्लेख असतो. दुसऱ्यात प्रत्येक विषय कोण शिकवतो, किती श्रेयांकांचा, आधी काय यायला हवे, हे असते. खरी गाळणी इथे आहे. 'संगणकशास्त्र पदवी' असून भागत नाही. गणिताचे इतके श्रेयांक, सैद्धांतिक संगणकशास्त्राचे इतके, असे मोजून पाहतात. एक युरोपीय श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. आपल्या गुणपत्रिकेवरचा श्रेयांक ही निराळी चीज आहे, आणि ती त्यांच्या मापात बसवण्यासाठी आपल्या अभ्यासक्रमाचे तपशील विषयवार द्यावे लागतात. नव्वद टक्के मिळवलेला मुलगा नाकारला जातो आणि सत्तरवाला घेतला जातो, तेव्हा घरात जो 'नशीब' हा शब्द उच्चारला जातो, त्याचे स्पष्टीकरण पुष्कळदा या तक्त्यात सापडते. दहा विद्यापीठांना अर्ज 'टाकून ठेवण्याची' पद्धत इथे निरुपयोगी ठरते; अनेक विद्यापीठांच्या वतीने कागदपत्रे तपासणारी उनि-असिस्ट ही संस्था पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो घेते, तेव्हा तो खर्चही आहे.

अर्जासोबतच्या प्रेरणापत्राची कथा तर साहित्याच्या विद्यार्थ्याला रस वाटावा अशी आहे. आपल्याकडचे नमुने पाहिले तर त्यांची सुरुवात बालपणात होते: घरातला बंद पडलेला रेडिओ, तो उघडून पाहणारे चिमुकले हात, आजोबांचा आशीर्वाद. शेवट देशसेवेत. हा साचा शालेय निबंधाचा आणि अमेरिकी 'एसओपी'चा संकर आहे. तिथे अर्ज वाचतो तो त्या विभागातला प्राध्यापक किंवा त्याचा सहायक, आणि काही ठिकाणी पत्रातल्या कुठल्या मुद्द्याला किती गुण हे नियमावलीत छापलेलेच असते. पदवीच्या प्रकल्पात काय केले, कुठे अडले, इथल्या कोणत्या मॉड्यूलने ती अडचण सुटेल, एवढेच त्याला पाहायचे असते. मॉड्यूल हँडबुक न वाचता हे पत्र लिहिता येत नाही. म्हणून ते विकत मिळते, आणि विकत घेतलेल्या पत्रांतले रेडिओ एकाच कंपनीचे असतात.

या लेखनाने काहीच दिले नाही असे नाही. लातूर-जळगावच्या मुलांना जर्मनी हा आपल्या आवाक्यातला विचार वाटू लागला, याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. बारावीनंतर थेट पदवीला प्रवेश मिळत नाही, इथल्या विद्यापीठात एक वर्ष काढावे लागते किंवा तिथले 'श्टुडिएनकोलेग' करावे लागते किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असावे लागते, यासारखी माहिती ते बिनचूक पोहोचवते. पण ते थांबते ते नेमके जिथे आपल्याच संस्थांना प्रश्न विचारायला हवा तिथे.

गुणांच्या रूपांतराचे सूत्र घ्या. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर उत्तीर्ण. परदेशी गुण 'सुधारित बव्हेरियन सूत्रा'ने बदलतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, आलेल्या संख्येला तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. ७२ टक्के मिळवलेल्या मुलीचे उदाहरण करून पाहा. तिच्या विद्यापीठात उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४० टक्के असेल तर तिची जर्मन श्रेणी २.४ येते. तीच मर्यादा ५० धरली तर २.६८. कितीतरी अभ्यासक्रमांत अट २.५ ची असते. म्हणजे तिचा प्रवेश तिच्या ७२ वर ठरत नाही. तिच्या विद्यापीठाने किमान उत्तीर्ण गुण कोणते आहेत ते कागदावर स्पष्ट लिहून दिले आहे की नाही, यावर ठरतो. विषयवार उत्तीर्णतेची मर्यादा एक, एकूण श्रेणीची दुसरी, पदवी मिळण्यासाठी तिसरी, असा गोंधळ आपल्याकडे नवा नाही, आणि गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला त्याचा खुलासा असेलच असे नाही.

हिवाळी सत्राची अनेक ठिकाणची अखेरची तारीख १५ जुलै. पुष्कळ पदव्युत्तर अभ्यासक्रमांची त्याही आधी, मे महिन्यात. आपले शेवटच्या सत्राचे निकाल जून-जुलैत लागतात, लांबले तर ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मुले फायली घेऊन उभी असतात, आणि त्यांच्या अर्जात फक्त एका ओळीची मागणी असते: आमच्या विद्यापीठात उत्तीर्ण होण्यासाठी किमान किती गुण लागतात, ते शिक्क्यासह लिहून द्यावे.